हृदयविकार : नाव आणि वेळ

गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा दरवर्षी जे व्याख्यान आयोजित करते, त्याच्या पुस्तिकेसाठी यंदा मी चार पाने लिहावीत, अशी संयोजकांची इच्छा. विषयही त्यांनीच ठरवून दिला : हृदयविकाराचा झटका आणि हृदयाची जपणूक. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या विषयावर लेखणी उचलावी, हे काहींना विचित्र वाटेल. मी 'डॉक्टर' आहे खरा, पण तो प्रबंध लिहून झालेला. कुणाची नाडी पाहण्याचा अधिकार मला नाही. तरीही मी होकार दिला, त्यामागे एक विचार होता. या विकाराने दगावणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत बंद पडलेल्या रक्तवाहिनीइतकाच एक शब्दही घात करतो. तो शब्द म्हणजे 'गॅस'. शब्दाचा अर्थ नीट लावणे हे ज्याने जन्मभर केले, त्याने या शब्दाविषयी बोलावयास हरकत नसावी. वैद्यकातील जे सांगणार आहे ते सर्वमान्य आणि जाणत्यांकडून समजून घेतलेले आहे. त्यात माझे असे काही असेल, तर ती केवळ मांडणी.

शब्दांची गफलत

मराठी माणसाने हृदयावर भावनांचा फार मोठा भार टाकलेला आहे. आपला ऊर भरून येतो, काळजाचे पाणी होते, ठोका चुकतो, छातीत धस्स होते, हृदयाला घरे पडतात. गंमत अशी की, साहित्यात 'काळीज' म्हणजे प्रेमाचे आणि धैर्याचे स्थान, तर मटणाच्या दुकानात काळीज मागितले की हातात पडते ते यकृत! आयुर्वेदाने मात्र हृदयाचे महत्त्व नेमके ओळखले होते. शिर, हृदय आणि बस्ती ही चरकसंहितेत सांगितलेली तीन प्रधान मर्मे होत.

भावनेच्या प्रांतात असा सैलपणा शोभून दिसतो. आजाराच्या प्रांतात तो महागात पडतो. आपल्या बोलण्यात 'हार्ट अटॅक आला', 'हार्ट फेल झाले' आणि 'हृदय बंद पडले' हे तिन्ही प्रयोग एकाच अर्थाने केले जातात. वास्तविक या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. शेतावरच्या पाण्याच्या पंपाचे उदाहरण घेऊ. पंप तीन कारणांनी अडतो : नळीत गाळ साचतो, वीज जाते, किंवा मोटर झिजून कमजोर होते.

हृदयविकाराचा झटका म्हणजे नळी तुंबणे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी एखादी रक्तवाहिनी बंद होते आणि त्या भागातील स्नायू मरू लागतो. या वेळी हृदय बहुधा चालूच असते. रोगी शुद्धीवर असतो, बोलतो, कधी कधी चालतोही. हृदयक्रिया बंद पडणे म्हणजे वीज जाणे. ठोक्यांची लय एकाएकी बिघडते, माणूस कोसळतो, काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि श्वास थांबतो. झटक्यामुळे असे घडू शकते, पण प्रत्येक झटक्यात ते घडतेच असे नाही. तिसरी अवस्था मोटर झिजण्याची. हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती क्षीण होते, पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, आडवे झोपवत नाही. 'हार्ट फेल्युअर' म्हणतात ते याला. नाव भयंकर असले, तरी नियमित औषधोपचारावर असे रोगी अनेक वर्षे जगतात.

हा भेद एवढ्यासाठी सांगितला की, झटका म्हणजे माणूस धाडकन कोसळणे, असे चित्र चित्रपटांनी आपल्या मनावर कोरले आहे. म्हणून जो कोसळलेला नाही, जो खुर्चीत बसून 'जरा बरे वाटत नाही' एवढेच म्हणतो आहे, त्याला झटका आला असेल ही शंकाच आपल्याला येत नाही. आणि ज्या घटकेला त्याला वाचविणे सर्वांत सोपे असते, ती घटका निघून जाते.

झटका येतो कसा

आपले हृदय मुठीएवढे असते. वजन साधारण ३०० ग्रॅम. दिवसाकाठी ते सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या स्थितीतही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त हवे असते. ते त्याला महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन रक्तवाहिन्यांकडून आणि त्यांच्या शाखांकडून मिळते. या वाहिन्यांची रुंदी अवघी ३ ते ४ मिलिमीटर. मुलांच्या हातातील पेन्सिलीच्या साधारण निम्मी. सारा संसार या एवढ्याशा वाटेवर अवलंबून आहे.

तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह यांमुळे या वाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा होते. त्या ठिकाणी रक्तातील कोलेस्टेरॉल झिरपते, त्याभोवती पेशी जमतात आणि भिंतीच्या आत चरबीचा थर धरू लागतो. हे काम एका रात्रीत होत नाही. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्या सैनिकांचे सरासरी वय २२ वर्षे होते, आणि तरी त्यांतील ७७ टक्के जणांच्या हृदयवाहिन्यांत या विकाराच्या खुणा आढळल्या. याचा अर्थ असा की, ज्याला आपण 'झटका' म्हणतो, त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते. शब्द एका क्षणाचा आहे; रोग मात्र अर्ध्या आयुष्याचा.

मग तो क्षण कोणता? चरबीच्या थरावर एक पातळ आवरण असते. एखाद्या दिवशी ते फाटते. जखम झाली असे समजून रक्त आपल्या स्वभावधर्मानुसार तेथे गोठते आणि ती गुठळी वाहिनी बंद करून टाकते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फाटणारा थर नेहमी मोठाच असतो असे नाही. वाहिनी निम्मीसुद्धा अरुंद झालेली नसताना थर फाटू शकतो. 'मागच्याच महिन्यात कार्डिओग्राम काढला होता, सगळे नॉर्मल होते,' हे वाक्य शोकसभांतून आपण किती वेळा ऐकतो! कार्डिओग्राम त्या घटकेची स्थिती सांगतो. उद्याची हमी तो देत नाही.

वाहिनी बंद झाल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरण्यास आरंभ होतो. तो आतून बाहेर असा हळूहळू मरत जातो आणि ६ ते १२ तासांत बहुतेक नुकसान पुरे होते. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. त्या जागी व्रण राहतो. तात्पर्य, पहिल्या तासात वाहिनी उघडली तर पुष्कळ वाचते, सहाव्या तासात थोडे वाचते, दुसऱ्या दिवशी फारसे काही उरत नाही.

'गॅस' नावाचा आडपडदा

येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. हृदयाचे दुखणे पोटाच्या दुखण्यासारखे का भासते? हृदय श्वासपटलावर टेकलेले असते आणि त्याच्या खालीच जठर. हृदयाकडून आणि आसपासच्या अवयवांकडून येणाऱ्या वेदनांच्या वाटा मज्जारज्जूत एकत्र येतात. त्यामुळे वेदना नेमकी कोठली, हे मेंदूला सांगता येत नाही. म्हणून हृदयाची कळ कधी डाव्या हातात, कधी जबड्यात, कधी पाठीत, तर कधी छातीच्या खळगीत उमटते. त्यातच मळमळ, उलटी, ढेकर आले, की 'काल रात्रीचे जेवण बाधले' हा निष्कर्ष ठरलेलाच.

हा भ्रम आपल्याच समाजाचा आहे असे नव्हे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी हृदयवाहिनी एकाएकी बंद पडण्याची लक्षणे १९१२ साली विस्ताराने मांडली आणि असा रोगी जगूही शकतो हे दाखविले. तोवर अमेरिकेतसुद्धा अशा अनेक मृत्यूंची नोंद 'तीव्र अपचन' अशी होत असे. त्यानंतर चार दशकांनी काय घडले पाहा. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हर येथे सुट्टीवर होते. दुपारी गोल्फ खेळताना त्यांना पोटात अस्वस्थ वाटू लागले. जेवणात खाल्लेल्या कच्च्या कांद्यावर त्यांनी त्याचा ठपका ठेवला. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. त्यांचे खासगी डॉक्टर बोलावल्यावर आले. तरी सकाळी बाहेर बातमी दिली गेली ती पोट बिघडल्याची. कार्डिओग्राम निघाला तो दुपारी, आणि त्यात हृदयविकाराचा मोठा झटका स्पष्ट दिसला. सुदैवाने ते बचावले व पुढे १९६९ पर्यंत जगले. एवढ्या मोठ्या देशाच्या प्रमुखाच्या बाबतीत जे झाले, ते आपल्या चाळीत रोज होत असेल तर नवल ते काय?

आपल्या सुरतेतीलच एक घटना सांगतो. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत ताप्ती लाईनने खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांपैकीच एक गृहस्थ माझ्या परिचयाचे. वय पंचेचाळीसच्या आत, यंत्रमागावर बारा तासांची पाळी. रात्रपाळीतच छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटू लागले, दरदरून घाम फुटला. सोबत्याने सोडा आणून दिला. पाळी अर्धी टाकली तर रोज बुडेल, म्हणून ते सकाळपर्यंत थांबले. घरी आल्यावर ओवा चावून आडवे झाले. दुपारी बायको जेवायला उठवायला गेली, तेव्हा सारे आटोपले होते. मी भेटावयास गेलो तेव्हा ती माउली एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "काही नव्हतं हो सर, नुसता गॅस झाला होता." त्या घरात आळस नव्हता, प्रेमाची उणीव नव्हती, आणि मुख्य रस्त्यावर इस्पितळही होते. नव्हते ते फक्त त्या दुखण्याचे खरे नाव.

म्हणून लक्षणे पाठ करून ठेवावीत. छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे. ते काही मिनिटांहून अधिक टिकणे किंवा थांबून पुन्हा येणे. कळ हात, खांदा, मान, जबडा, पाठ अथवा पोटाच्या वरच्या भागाकडे जाणे. सोबत थंड घाम, धाप, मळमळ, चक्कर किंवा विलक्षण गळून गेल्याची भावना. पुष्कळांना तीव्र वेदना होतच नाही. 'दुखत नाही, पण काहीतरी होतंय' एवढेच ते सांगतात. वृद्ध, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता केवळ धाप, थकवा किंवा उलटी एवढ्यावरच झटका येऊ शकतो.

स्त्रियांच्या बाबतीत आपल्या भाषेतील एक वाक्प्रचार मला अलीकडे बोचू लागला आहे : 'दुखणे अंगावर काढणे'. आपण तो कौतुकाने वापरतो. आईने कितीतरी दुखणी अंगावर काढली, असे अभिमानाने सांगतो. हृदयविकार ही अंगावर काढण्याची वस्तू नव्हे, हे घरातील प्रत्येक मुलाने आईला एकदा बजावून सांगावे.

गॅस होत नाही असे माझे म्हणणे नाही. तो होतो, आणि पुष्कळदा खरोखर गॅसच असतो. परंतु तो गॅस आहे की हृदय, हा निर्णय स्वयंपाकघरात होत नाही. तो कार्डिओग्रामने आणि रक्ताच्या तपासणीने होतो. पहिला कार्डिओग्राम कधी कधी निर्दोष दिसतो. म्हणून शंका असेल तर डॉक्टर तो काही वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात. इस्पितळात जाऊन 'गॅसच निघाला' असे हसत परत येणे, याहून सुखाचा परतीचा प्रवास नाही.

पहिला तास

शंका आल्याबरोबर काय करावे? रोग्याला चालवू नये, जिना चढवू नये. अर्धवट बसल्या अवस्थेत टेकून शांत ठेवावे, कपडे सैल करावेत. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. गुजरातेत ही रुग्णवाहिका सेवा २००७ पासून आहे; महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये सुरू झाली. रुग्णवाहिका यावयास उशीर होणार असेल तर गाडी करून निघावे, पण रोग्याने स्वतः वाहन चालवू नये आणि त्याला स्कूटरच्या मागे बसवून नेऊ नये. ऍस्पिरिनची ऍलर्जी, पोटातील रक्तस्रावी व्रण वा अन्य रक्तस्राव नसेल, तर १०८ वर अथवा डॉक्टरांना विचारून ऍस्पिरिनची सुमारे ३०० मिलिग्रॅम मात्रा चावून घेण्यास द्यावी. जिभेखाली ठेवावयाची गोळी मात्र ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी. रक्तदाब उतरलेला असताना ती अपाय करते.

कार्डिओग्राम आणि तातडीचे उपचार जेथे होतात, असे जवळचे ठिकाण गाठावे. नावाजलेल्या दूरच्या इस्पितळाचा हट्ट, ओळखीच्या डॉक्टरांची प्रतीक्षा, 'जळगावहून थोरले भाऊ येऊ द्या, मग ठरवू' ही पद्धत, या साऱ्यांत जो तास जातो तो परत मिळत नाही.

तासाचे एवढे महत्त्व का, हे इतिहास सांगतो. एके काळी झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. १९७७ साली आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिचमध्ये बारीक नळीच्या टोकावरील फुग्याने हृदयवाहिनी रुंद करून दाखविली. आजची अँजिओप्लास्टी ती हीच. १९८८ मध्ये 'आयसिस-२' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्याची शंका असलेल्या १७,१८७ रोग्यांवर ती झाली होती. ज्यांना दोन्हींपैकी कोणतेच औषध मिळाले नाही, त्यांच्यात पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू १३.२ टक्के होते. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ऍस्पिरिन ही दोन्ही ज्यांना मिळाली, त्यांच्यात ते ८ टक्क्यांवर आले. इस्पितळात पोचल्यापासून अँजिओप्लास्टी ९० मिनिटांच्या आत व्हावी आणि ती शक्य नसेल तेथे गुठळी विरघळविणारे इंजेक्शन अर्ध्या तासाच्या आत मिळावे, असा दंडक डॉक्टरांनी स्वतःला घालून घेतला. वैद्यकशास्त्र मिनिटे मोजते आहे, आणि आपण घरात रात्र काढतो आहोत, हा विरोधाभास मला फार अस्वस्थ करतो.

आता विजेची गोष्ट. रोगी कोसळला, हाक मारून वा हलवून उठत नाही आणि श्वास नीट चालू नाही, तर हृदयक्रिया थांबली असे समजावे. कुणीतरी १०८ ला कळवावे आणि दुसऱ्याने क्षणाचाही विलंब न करता, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपरे न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल असा दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. हे न केल्यास प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. २०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना काही तरुण दगावल्याच्या बातम्यांनी सारा गुजरात हळहळला. त्याच वर्षी डिसेंबरात राज्य सरकारने शिक्षकांना ही क्रिया शिकविण्याची मोठी मोहीम हाती घेतली. शिक्षकांपासून आरंभ झाला, हे मला अत्यंत उचित वाटते. जे शिक्षकाला येते ते गावाला येते.

कारणे आपल्याच अंगणातील

हृदयविकार दैवाधीन आहे ही समजूत आता टिकण्यासारखी नाही. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाने दाखविले की, पहिल्या झटक्याच्या धोक्याचा ९० टक्क्यांच्या आसपासचा वाटा मोजक्या नऊ घटकांनी समजावून देता येतो. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव हे त्यांतील प्रमुख होत. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. पहिला झटका येण्याचे वय आपल्या दक्षिण आशियात सरासरी ५३ वर्षे, तर इतर प्रदेशांत सुमारे ५९. म्हणजे हा रोग आपल्याकडे सहा वर्षे आधी येतो. मुलांची शिक्षणे आणि लग्ने व्हावयाची असतात तेव्हा येतो.

'मी तर सडपातळ, मला काय होणार?' असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे एक उदाहरण मुद्दाम देतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! भारतीय माणूस दिसावयास बारीक आणि आतून चरबीयुक्त असू शकतो, हे याहून सुबोध रीतीने सांगता येणार नाही. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याचा फीतगज अधिक खरे बोलतो. कमरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे.

सुरतेविषयी बोलायचे तर जेवणाचा विषय टाळता येणार नाही. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही गुजराती म्हण आपण सारे अभिमानाने मिरवतो. मात्र त्या जेवणाने काशीची वाट जवळ करू नये एवढीच प्रार्थना. चंदनी पडव्याची घारी, डुमसची भजी, लोचो, शेव-खमण आणि आपल्या खानदेशी घरांतील तर्रीदार शेवभाजी यांच्यावर माझा राग नाही. घारी चंदनी पडव्यालाच खावी, एवढेच म्हणणे. ती बारमाही झाली की सण राहत नाही आणि प्रकृतीही राहत नाही. तळणीचे तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा असावे. लोणचे, पापड, फरसाण यांतून ते नकळत वाढते. उलट हिवाळ्यातील पोंक, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, डाळी, पालेभाज्या हे आपले जुने अन्न हृदयाचे मित्रच आहे; फक्त त्यावर तेलाची धार धरू नये.

तंबाखूबाबत तडजोड नाही. विडी असो, मावा असो, गुटखा असो, रक्तवाहिनीला त्यांतील फरक कळत नाही. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून माव्याची पुडी उघडणारा कामगार ती झोप वाचवीत नाही, आयुष्य खर्च करीत असतो. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, ही मोठी आश्वासक गोष्ट आहे. हिरे घासण्यासाठी दिवसभर घंटीवर बसणारे आणि दुकानाच्या गादीवर बसणारे, दोघांनाही चालणे हवे : आठवड्याला एकूण १५० मिनिटे, श्वास थोडा वाढेल इतक्या वेगाने. रक्तदाब आणि मधुमेह ही तर मुकी दुखणी. ती बोलत नाहीत म्हणून ती नाहीत असे समजू नये. तिशीनंतर वर्षातून एकदा दोन्ही तपासून घ्यावीत.

सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने गाव सोडून गेले. त्या संकटातून शहराने धडा घेतला. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत गल्लीबोळ झाडून निघाले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले स्थान मिळविले. प्लेग गाजावाजा करीत आला, म्हणून आपण जागे झालो. हृदयविकार एकेका घरात, एकेक करून, न बोलता माणसे नेतो. त्याच्या भीतीने कुणी गाव सोडत नाही आणि सवयही सोडत नाही. ज्या शहराने आपले रस्ते बदलून दाखविले, त्याला आपले ताट आणि खिशातील पुडी बदलता येणार नाही असे मला वाटत नाही.

झटक्यानंतर

झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या घरी दोन टोके दिसतात. एक तर त्याला काचेच्या भांड्यासारखे जपतात, नाहीतर 'आता नळी उघडली, चिंता मिटली' म्हणून सारे विसरून जातात. दोन्ही चूक. स्टेंट बसविल्याने एक अडथळा दूर होतो, रोग जात नाही. बरे वाटते म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा प्राणांशी गाठ पडते. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनाही तोच नियम. याउलट, ज्याला हृदयविकार नाही अशा माणसाने शेजाऱ्याचे पाहून रोज ऍस्पिरिन घेऊ नये. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू चालणे वाढविणे, कामावर परतणे, संसारात पुन्हा रस घेणे हेही औषधाइतकेच महत्त्वाचे.

या बाबतीत मराठी वाचक भाग्यवान आहे. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉ. अभय बंग यांना पन्नाशीपूर्वीच हृदयविकाराने गाठले. त्या अनुभवातून त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले, आणि आहार, व्यायाम, ताण, ध्यान यांविषयी असंख्य मराठी घरांत प्रथमच मोकळेपणी बोलणे सुरू झाले. दुसरीकडे, ज्यांनी हजारो हृदयांवर शस्त्रक्रिया केल्या, ते डॉ. नीतू मांडके २००३ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. या दोन नामवंतांची नावे शेजारी ठेवतो ती तुलनेसाठी नव्हे. हा रोग ज्ञान पाहून दार ठोठावीत नाही, अधिकार पाहून परत फिरत नाही, एवढेच त्यांतून शिकावयाचे.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज मिलमध्ये आहेत, बाजारात आहेत, बँकेत आहेत, काही परदेशीही आहेत. त्यांच्याकडे माझे मागणे मोठे नाही. आईवडिलांचा आणि स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यावा. छातीवर दाब देण्याची क्रिया एकदा प्रत्यक्ष शिकावी. कामावरच्या सोबत्याला घाम फुटलेला दिसला, तर सोड्याऐवजी १०८ आठवावा. आणि घरात कुणाच्या छातीत कळ आलीच, तर तिला नाव देण्याची घाई आपण करू नये. ते काम कार्डिओग्रामवर सोपवावे, आणि त्यासाठी तत्काळ निघावे.